दफन केलेली गाठ

फोन ठेवल्यावर हफ्साने आधी स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवला नाही. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला ती सवयच असते. नोंद अनपेक्षित आली की निसर्गाला दोष देण्याआधी उपकरण तपासायचं. तिने पेणच्या प्रयोगशाळेचा नंबर पुन्हा लावला. नाव सावकाश सांगितलं, गाव सांगितलं, शस्त्रक्रियेचा वार सांगितला. पलीकडच्या मुलीनेही तितक्याच सावकाश उत्तर दिलं.

"मॅडम, हफ्सा मुकादम नावाचा नमुना आमच्याकडे आलाच नाही. रिपोर्टला उशीर झालाय असं नाही. नमुनाच आलेला नाही."

स्टाफरूममध्ये कुणीतरी मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांची पोपटी आणली होती आणि सगळे तिच्याभोवती जमले होते. हफ्सा पर्स उचलून बाहेर पडली.

गेल्या आठवड्यात मंगळवारी रोह्याच्या एका खासगी दवाखान्यात तिच्या डाव्या स्तनातली गाठ काढली होती. खजुराएवढी, हाताला घट्ट लागणारी, न दुखणारी. सर्जन म्हणाले होते, "मला साधी वाटते. पण वाटण्याला काही अर्थ नाही. पूर्ण काढू आणि तपासायला पाठवू." त्यातल्या दुसऱ्या वाक्यामुळे हफ्साने त्यांच्यावर विश्वास टाकला होता. नवरा फुरकान कतारला, तेलाच्या कंपनीत. शिफ्ट संपली की रोज फोन करायचा, आणि हल्ली सलामच्या आधी विचारायचा, "रिपोर्ट आला?" ती सांगायची, येईल. आज गुरुवार, नववा दिवस होता.

दवाखान्यात विमलबाई भेटल्या. ऑपरेशनच्या खोलीत मदतीला असत. हफ्साचा चेहरा पाहून त्यांनी हातातली बादली खाली ठेवली.

"बाटली? ती तर त्याच दिवशी दिली की. तुमच्या सासूबायच्या हातात."

"त्यांना काय सांगितलंत?"

"सांभाळून न्या म्हटलं. सांडू नका, लवंडू नका. कागद तुमच्या फायलीत लावला. समद्या पेशंटची माणसंच नेतात ना पेणला. आमच्याकडं पोचवायला कोण हाय?"

हफ्साने फाईल उघडली. औषधांच्या चिठ्ठीमागे प्रयोगशाळेच्या नावाचं पत्र व्यवस्थित टाचलेलं होतं. तिने ते पाहिलंही होतं. दवाखान्याने आपल्याला प्रत दिली असावी, असं समजून मिटून ठेवलं होतं. नमुना दवाखाना पाठवतो हे तिने गृहीत धरलं होतं, नातेवाईक नेतात हे दवाखान्याने. दोन गृहीतकांच्या मधल्या फटीत एक बाटली पडली होती.

सर्जन बाहेर आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"दुसरा तुकडा घेता येईल का?" हफ्साने विचारलं.

"कशातून घेऊ? गाठ सगळी काढली. आत काही उरलं नाही, आणि उरलं असावं अशी इच्छाही करू नका." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "साधी असेल तर काहीच करायचं नाही. साधी नसेल तर पुष्कळ करायचंय, आणि लवकर. कुठलं, ते त्या बाटलीशिवाय मला सांगता येणार नाही. ती शोधा. गाठीच्या एका टोकाला मी काळ्या रेशमाचा टाका घातलाय, दिशा कळावी म्हणून. ओळखायला तोच."

*

हफ्सा पूल ओलांडून नदीपलीकडच्या अष्टमी गावात घरी पोहोचली, तेव्हा सासू ताजुन्निसा ओटीवर मोड आलेले वाल सोलत बसली होती. सालं एका ताटलीत, दाणे दुसऱ्या.

"आज लवकर सुटलीस गो?"

"अम्मी, ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यातून एक बाटली दिली होती. कुठं हाय?"

"ती होय? धुऊन ठेवलीय फळीवर. बरी हाय, फिरवायच्या झाकणाची. लोणच्याला नको म्हटलं, पण खिळे-बिळे ठेवायला—"

"आणि आतलं?"

"आतलं दफन केलं."

हफ्सा ओटीच्या कडेला बसली.

"अशी काय बघतेस?" ताजुन्निसा म्हणाली. "अंगाचा तुकडा हाय. कचऱ्यात टाकतात काय? अब्बांचा अंगठा आणला होता तवा काय केलं होतं?"

प्रश्न रास्त होता. दोन वर्षांमागे साखरेच्या आजाराने सासऱ्यांच्या, सईदमियांच्या, उजव्या पायाचा अंगठा काळा पडला आणि कापावा लागला. तो अशाच बाटलीत, अशाच पाण्यात घालून घरच्यांच्या हाती दिला होता, आणि देणाऱ्याने शब्दही हेच वापरले होते: सांभाळून न्या, सांडू नका. तो रीतीप्रमाणे मलमलीत बांधून कब्रस्तानाच्या कोपऱ्यात पुरला गेला. दवाखान्यातून आलेल्या बाटलीचं काय करायचं, हे या घरात तेव्हापासून ठरलेलं होतं. ताजुन्निसाच्या तर्कात खोट नव्हती. एकाच निरीक्षणावरून नियम बांधला होता, एवढंच. आणि ती चूक हफ्साने याहून शिकलेल्या माणसांना करताना पाहिली होती.

रडणं किंवा ओरडणं या दोन्हींतून माहिती मिळत नाही. तिने विचारायला सुरुवात केली.

"कधी पुरली?"

"जुम्म्याला. नमाज झाल्यावर अब्बा घेऊन गेले. मी म्हणत होते लगेच जा, तर म्हणाले, पाय ठणकतोय, जुम्म्याला जायचंच हाय त्या बाजूला, तवा नेतो."

"मंगळवारपासून जुम्म्यापर्यंत कुठं होती?"

"फळीवर."

"बाटलीतच? त्या पाण्यात?"

"मग काय ताटात काढून ठेवू?"

"फ्रिजमध्ये नाय ठेवलीत ना? वरच्या बर्फाच्या कप्प्यात?"

"मासळीशेजारी? तुझी गाठ?" ताजुन्निसाने हातातला दाणा खाली टाकला. "माझी अक्कल गेली नाय गो अजून."

हफ्साने श्वास सोडला. बर्फ झाला असता तर पेशी फाटल्या असत्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली नुसती चाळण दिसली असती. ते पाणी म्हणजे फॉर्मालिन. मांसातली प्रथिनं ते एकमेकांना जखडून टाकतं; जखडलेलं मांस जिवंत नसतं, पण कुजायलाही सहजासहजी तयार होत नाही. खजुराएवढ्या गाठीत ते मंगळवार ते शुक्रवार बरंच आतवर मुरलं असणार. असणार. त्या शब्दावर तिचा भरवसा नव्हता.

"काढल्यावर काय केलंत?"

"धुतली. साध्या पाण्याने. कापूर लावला, मलमलीत बांधली. का, काय झालं? सांगशील का नाय?"

तिने सांगितलं. ताजुन्निसाचे हात वालांवर थांबले.

"पण गाठ तर गेली ना अंगातून? आता तपासून काय करायचं?"

"अम्मी, आपल्या माडावरनं कोवळे नारळ गळायला लागले तवा तुम्ही काय केलंत? गळाला तो गळाला म्हणून सोडून दिलंत?"

"फोडून बघितला. आत कीड हाय का बघायला."

"आणि होती म्हणून माड वाचवता आला. माझा नारळ तुम्ही न फोडताच पुरलाय."

ताजुन्निसाने सालांची ताटली बाजूला सारली. मग म्हणाली, "जमिनीला दिलेलं परत मागत नायत. मौलानांना तरी विचारायला पायजे."

आतून काठीचा आवाज आला. सईदमियां दारात उभे होते. किती वेळ, ते कळलं नाही.

"विचारलं तर मौलाना काय सांगतील? आधी बाईचा जीव बघा म्हणतील," ते म्हणाले. "मग विचारण्यात दिवस का घालवायचा? फक्त एक हाय. माझा अंगठा उकरू नकोस. दोन वर्षांनी त्याला कुठं शांती मिळालीय."

ताजुन्निसाने हसायला नकार दिला. "तपासून झाल्यावर परत आणशील? सगळी?"

हो म्हणणं सोपं होतं. हफ्सा म्हणाली, "सगळी नाय येणार. थोडी ते कायमची ठेवून घेतात. उरलेली मागून आणते."

ताजुन्निसाने तिच्याकडे रोखून पाहिलं, मग पदराला हात पुसून उठली. "सगळी आणते म्हणाली असतीस तर नसतं जाऊ दिलं," ती म्हणाली आणि फळीवरून धुतलेली बाटली काढून दिली.

*

कॉलेजातली जीवशास्त्राची अनिता स्कूटरवरून फॉर्मालिन घेऊन आली. "बेडूक कापायला लागलीस की काय?" असं दारातूनच म्हणाली, आणि हफ्साने मान वर करताच गप्प झाली. एक भाग फॉर्मालिन, नऊ भाग पाणी. हफ्साने मोजून तेच मिश्रण त्याच बाटलीत भरलं.

कब्रस्तान नदीच्या अंगाला होतं. बायका आत जात नसत. हफ्सा फाटकाबाहेर बाटली घेऊन उभी राहिली आणि सईदमियां खुरपं घेऊन आत गेले. भिंतीकडेच्या मेंदीच्या झुडपाखाली लहान-लहान उंचवट्यांची रांग होती. साखरेच्या आजाराने अर्ध्या मोहल्ल्याची बोटं तिथे आधी पोहोचली होती. काही उंचवटे कुत्र्यांनी उकरलेले होते; ते तिला फाटकातूनही दिसत होतं.

सईदमियां एका जागी वाकले, पुन्हा सरळ झाले. दोन पावलं सरकले. काठी टाकून गुडघ्यावर बसायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यावरच भिंत धरली.

"अब्बा, खूण काय ठेवली होती?"

"कौलाचा तुकडा! पण इथं दोन हायत!"

हफ्साने ओढणी डोक्यावरून घट्ट केली आणि फाटक ढकललं. तिला कुणी अडवलं नाही. पलीकडच्या कबरीवरचं गवत काढणाऱ्या माणसाने तिच्या हातातली बाटली पाहिली, सईदमियांना पाहिलं आणि पाठ फिरवून काम सुरू ठेवलं.

पहिल्या कौलाखाली तिने हाताने माती बाजूला केली. भात कापून झाल्यावर याच मुरलेल्या ओलीवर इथले शेतकरी पाण्याशिवाय वाल पिकवतात. वरची माती पांढरी पडली होती, वीतभर खाली गार आणि काळी. ओल चांगली होती, कारण गाठ वाळली असती तर संपलीच असती. ओल वाईट होती, कारण कुजणंही ओलीतच होतं. बोटांना कापड लागलं. तिने ओढलं तर ते चिमटीतच विरलं.

"थांब," सईदमियां वरून म्हणाले. "हा मीच."

तिने माती परत सारली, हाताने दाबली आणि कौल जागच्या जागी ठेवलं. हसू आलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या कौलावर एका बाजूने नख्यांच्या रेघा होत्या. कुणीतरी उकरायला सुरुवात करून सोडून दिलं होतं. वास आवडला नसावा. हफ्साने कौल उचलून बाजूला ठेवलं. शिकवताना ती मुलांना सांगायची की भीती ही माहिती नव्हे. ते खरं होतं आणि त्याचा या घडीला काहीएक उपयोग नव्हता. माती ढिली होती. कापड पांढरं होतं, मातीने डागाळलेलं, पण अखंड. त्याच्या काठाला ताजुन्निसाच्या जुन्या दुपट्ट्याची बारीक लेस होती. एका कोपऱ्यात लाल मुंग्या होत्या. तिने त्या झटकल्या. कापड सोडून बघावं असं फार वाटलं, पण सोडलं नाही. पुरचुंडी तशीच बाटलीत सोडली आणि झाकण आवळलं.

*

पेणला जाईपर्यंत तिने बाटली मांडीवरून हलवली नाही. सईदमियां बरोबर आलेच. वडखळला गाडी ट्रकांच्या मागे अडकली तेव्हा त्यांनी एकदाच विचारलं, "आत काय दिसतंय?" ती म्हणाली, "कापड."

रामवाडीतल्या प्रयोगशाळेखाली मूर्तीचं दुकान होतं. बिनरंगाच्या पांढऱ्या मूर्ती फळ्यांवर ओळीने सुकत ठेवल्या होत्या. जिना सईदमियांना चढवेना. दुकानदाराने त्यांना आपलं स्टूल दिलं.

डॉ. रोहिणी गावंड यांनी पत्र वाचलं, बाटली उजेडात धरली.

"पत्रातला वार आणि आजचा वार यांत बरंच अंतर आहे. मधल्या काळात हे कुठे होतं?"

"शुक्रवारपर्यंत फॉर्मालिनमध्ये. शुक्रवारपासून आज दुपारपर्यंत जमिनीत."

"जमिनीवर?"

"जमिनीत. दफन केलं होतं. कापडात."

डॉक्टरांनी भुवया वर केल्या नाहीत. "तुम्ही काय करता?"

"रसायनशास्त्र शिकवते."

"मग मी आश्वासन देत नाही हे तुम्हाला चालेल. आत या, कापताना बघा. नंतर माझ्याशी वाद नको."

पुरचुंडी सोडली. गाठ करडी होती, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी टणक, आणि मुंग्यांच्या बाजूने खरवडलेली. डॉक्टरांनी ती चिमट्याने फिरवली. एकदा. पुन्हा एकदा. हफ्साला काही दिसत नव्हतं.

"टाका आहे म्हणाले होते," ती म्हणाली.

"शोधतेय."

चिमट्याचं टोक एका मातकट खाचेत गेलं आणि बाहेर आलं तेव्हा त्याला काळा धागा लागला होता. धाग्याचं दुसरं टोक गाठीत घट्ट होतं.

"तुमचीच आहे," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी सुरी उचलली आणि गाठ मधोमध चिरली.

कापलेल्या तोंडावर तीन रंग होते. बाहेरून मातकट तपकिरी कड, अगदी आत लालसर ओला ठिपका आणि दोहोंच्या मध्ये पांढरट, कोरडं, रुंद कडं.

"बाहेरची कड मातीने खाल्ली. गाभ्यापर्यंत औषध नीट पोहोचलं नाही. मधलं वाचता येईल असं दिसतंय." त्यांनी सुरी पुसली. "साधी वाटते की नाही, याबद्दल मी काही सांगत नाही."

"नको," हफ्सा म्हणाली. "उरलेली परत मिळेल का? घरी पुन्हा पुरायची आहे."

आता मात्र डॉक्टरांनी वर पाहिलं. "मेणात घातलेले तुकडे मला ठेवावे लागतात. बाकीचं, काम पूर्ण झाल्यावर, धुऊन देईन."

*

कर्करोग होता. पुढच्या आठवड्यात डॉ. रोहिणींनी ते स्वतः फोन करून सांगितलं, एका वाक्यात. दुसऱ्या वाक्यात सांगितलं की लहान आहे, सावकाश वाढणाऱ्या जातीचा आहे. तिसऱ्यात, की कड नष्ट झाल्यामुळे तो पूर्ण निघाला की नाही हे त्यांना सांगता येत नाही. हफ्सा ऐकताना उभीच होती. फोन संपल्यावर तिने फुरकानला लावला. तो कामावर होता तरी उचलला.

"आला," ती म्हणाली, आणि तिन्ही वाक्यं त्याच क्रमाने सांगितली.

सर्जननी त्याच जागी पुन्हा शस्त्रक्रिया करून भोवतालचा भाग काढायचं ठरवलं, आणि काखेतल्या गाठीही तपासायच्या. रात्री ताजुन्निसाने ताट वाढून झाल्यावर विचारलं, "मी पुरली म्हणून काय बिघडलं?"

सईदमियांनी हफ्साकडे पाहून मान किंचित हलवली, नको. हफ्साने ते पाहिलं.

"कड गेली, अम्मी. कड असती तर कदाचित दुसऱ्यांदा कापावं लागलं नसतं. कदाचित. लागलंही असतं."

त्या रात्री ताजुन्निसा जेवली नाही, आणि सकाळी त्याविषयी कुणाला बोलू दिलं नाही.

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर हफ्सा शुद्धीवर आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. रजा काढून आलेला फुरकान पलंगाजवळ बसला होता. शेजारची खुर्ची रिकामी होती.

"अम्मी?"

"मला काय विचारतेस? बाटली मी नेतो म्हटलं, तर म्हणते, तू अरबस्तानातला माणूस, तुला पेण काय ठाऊक."

विमलबाई सलाईन बघायला आल्या होत्या. "बाटली आली तशा निघाल्याच. मी सांभाळून न्या म्हणायच्या आधी म्हणतात, कागद दे. माझ्याकडनं वाचून घेतला, मग काउंटरवरच्या पोरीकडनं परत वाचून घेतला. मी खोटं वाचते की काय!"

हफ्साने फोन मागितला. अपेक्षित नोंदही तपासायची असते. पेणच्या त्याच मुलीने उचलला.

"हो मॅडम, आला नमुना. काळा धागा, पत्र, सगळं बरोबर आहे. पण मॅडम, एक आजी समोर बसल्यात. हातात पांढरं कापड आहे. आधीची गाठ द्या, मग जाते म्हणतात."

"द्या त्यांना फोन."

थोडा वेळ नुसता खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"काय गो, जागी झालीस? बोलू नकोस जास्त. ही डॉक्टरीणबाय म्हणते, कडा बघायला आठ-दहा दिवस लागतील. मी म्हटलं, बघ. सगळ्या बाजूंनी बघ. मधे जुम्मा गेला तरी चालेल."